जाड ठशातला मी

उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं की माणूस पहिला संशय घेतो तो लिव्हरवर. तिथे लिव्हर असतं, एवढं शाळेतलं ज्ञान बहुतेकांकडे शिल्लक असतं. मीही तोच संशय घेतला आणि लिव्हरच्या तपासणीसाठी रक्त देऊन आलो.

रिपोर्ट आला. बिलिरुबिन ०.७, एसजीपीटी २४, एसजीओटी २२, अल्ब्युमिन ४.४. मर्यादेबाहेरचा आकडा जाड ठशात छापायची पद्धत असते. माझ्या रिपोर्टात जाड ठशात फक्त माझं नाव होतं.

घरात आनंदीआनंद झाला आणि त्या क्षणापासून माझ्या दुखण्याची पत गेली. कालपर्यंत "फार दुखतंय का रे?" विचारणारी माणसं आज "अजून?" असं विचारू लागली. त्या 'अजून'मध्ये जो सूर असतो तो भाडं थकवणाऱ्या भाडेकरूसाठी राखून ठेवलेला असतो. मेहुण्याने तर निदानच करून टाकलं, "टेन्शन घेता तुम्ही." आत्याचा फोन आला, "अरे, रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग दुखेल कसं?" जणू पोटाला कुणीतरी तो कागद वाचून दाखवायचा राहिला होता.

रात्री झोप येईना म्हणून मी वाचत बसलो. (दुखणाऱ्या माणसाने हे करू नये म्हणतात. करतात सगळेच.) तेव्हा कळलं की एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींमधलं एन्झाइम. पेशींना इजा झाली की ते रक्तात झिरपतं. म्हणजे माझ्या रिपोर्टाने सांगितलं ते इतकंच, की लिव्हरमधून गळती नाही. शेजारी पित्ताशय आहे, तिथे खडे असूनही हे आकडे नॉर्मल येऊ शकतात. मोठं आतडं बरोबर लिव्हरखाली वळतं आणि त्या वळणावर गॅस अडकला तरी जीव नकोसा होतो. या कुणाचीच चौकशी झाली नव्हती. कहर म्हणजे लिव्हरच्या आतल्या भागाला वेदनाच कळत नाही. दुखतं ते त्याच्यावरचं आवरण, तेही ताणलं गेलं तर. ज्याला साधं कण्हताही येत नाही, त्याच्यावर मी आळ घेतला होता.

मग सोनोग्राफी. पोटावर गारेगार जेल. "श्वास घ्या... धरून ठेवा..." आणि पुढची सूचना बराच वेळ नाही. पडद्याकडे बघता बघता त्या बाई मला सोडायचं विसरल्या असाव्यात. खडे नव्हते. पुन्हा सगळं नॉर्मल.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. ताप? कावीळ? शौचातून रक्त? नाही, नाही, नाही. "वजन कमी झालंय?" याला 'नाही' म्हणताना मात्र मी जरा ओशाळलो. "काहीच न सापडताही पोट दुखतं," ते म्हणाले, "आतड्यांना स्वतःच्या कोट्यवधी मज्जापेशी असतात, त्या हळव्या झाल्या तरी दुखतं. ते दुखणंही खरंच असतं." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण वाकलं की दुखायचं.

"एका बोटाने दाखवा, कुठे?" मी दाखवलं. त्यांनी तिथेच बोट रोवलं. "आता हात छातीवर घ्या आणि डोकं उचला."

"आई गं!"

"छान!" डॉक्टर खुलले. माझ्या दुखण्याला प्रथमच कुणीतरी छान म्हणालं. कार्नेट नावाच्या सर्जनने १९२६ साली सांगितलेली ही युक्ती. डोकं उचललं की पोटाचे स्नायू आवळतात आणि आतल्या अवयवांची ढाल होतात. दुखणं आतलं असेल तर ते कमी होतं. वाढलं, तर ते बहुधा पोटाच्या भिंतीतलंच, स्नायूचं किंवा तिथे अडकलेल्या एखाद्या बारीकशा नसेचं. तेवढ्या जागेवर बधिर करणारं इंजेक्शन देऊन बघायचं. दुखायचं थांबलं, तर संशय खरा. रक्ताच्या कुठल्याच तपासणीत ही नस दिसत नाही.

घरी येऊन मी विजयी मुद्रेने सगळं सांगितलं. आत्यालाही फोन लावला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगंबाई, म्हणजे भिंतीतच दुखतंय होय? मग पोटात काहीच नाही ना! मी काय सांगत होते?"