चाकाला कोपरे

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायला आई वाकली आणि तशीच राहिली. मला वाटलं, कंबर धरली.

"अरे, ह्या चाकाला कोपरे कसे?"

आम्ही राहतो डॅलसच्या उत्तरेला, जिथे काल गवत होतं तिथे आज शंभर घरं असतात. गाडी म्हणजे विजेवर चालणारी पिकअप, वजन तीन टन. कंपनीचं नाव कितीही आग्रह झाला तरी घेणार नाही, उखाण्यातसुद्धा नाही. ही गाडी का घेतली याची माझ्याकडे सात कारणं आहेत. बायकोकडे एकच आहे: "पंचेचाळिशी."

आई जूनमध्ये कराडहून सहा महिन्यांसाठी आली, म्हणून पूजा तिच्या हस्ते. कुंकवाचं बोट ती बॉनेटकडे नेते न नेते तोच बायको धावली. "आई, स्वस्तिक नको. इथे त्याचा भलताच अर्थ होतो. ॐ काढा." आईने ॐ काढला. कुत्रा फिरवत चाललेला समोरचा शेजारी थांबला, ॐ नीट बघितला आणि "योगा!" म्हणून त्याने हात हलवला.

तर कोपरे. चाक गोलच होतं, पण रिमवर एक काळं कव्हर होतं आणि त्याची टोकं रिमच्या कडेला थांबायला तयार नव्हती. ती पुढे टायरच्या रबरावर चढली होती. टायरच्या कुशीवरही मुद्दाम उंचवटे काढलेले, असे की कव्हरची रेघ रबरातून तशीच पुढे जावी. चार पावलं लांब उभं राहिलं तर रिम कुठे संपली आणि टायर कुठे सुरू झाला ते कळू नये. सपाट कव्हरावरून वारा घसरून जातो, बॅटरी थोडी जास्त पुरते, हे खरंच. पण शोरूममधल्या पोराला त्यात रस नव्हता. तो म्हणाला, ही डिझाइनची भाषा आहे. मी समजल्यासारखी मान हलवली.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "भाषा राहू दे. स्टेपनी कुठाय?"

स्टेपनी नव्हती. पस्तीस इंची चाक ठेवायचं कुठे?

तिसऱ्या आठवड्यात स्टेपनीची आठवण झाली. आमच्याकडे सगळीकडे बांधकाम चालू, त्यामुळे रस्त्यावर खिळ्यांचा सडा. पडद्यावर हवा 50 वरून 38, मग 31. गाडी कडेला घेऊन मदतीच्या नंबरवर फोन लावला आणि घाबरून इंग्रजीत सांगितलं की टायर बसलाय आणि माझ्याकडे स्टेपनी नाही. पलीकडची बाई एकदम हळुवार झाली. "स्टेफनी शेवटची कधी दिसली होती? तिला काही लागलंय का?"

चूक तिची नाही. हा शब्द अमेरिकेत रुजलेलाच नाही. वेल्समधल्या लानेथ्ली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर दोन डेव्हिस बंधूंनी 1904 मध्ये जादा चाक विकायला काढलं, कारण तेव्हाच्या मोटारींना ते नसायचंच. त्या रस्त्याचं नाव आपल्याकडे कराडपासून कणकवलीपर्यंत प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडी बसलं. आणि सुमारे एकशेवीस वर्षांनी मी पुन्हा जादा चाक नसलेल्या मोटारीत, टेक्सासच्या उन्हात, हरवलेल्या स्टेफनीचं वर्णन देत उभा.

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "इथे जवळ कुणी पंक्चरवाला नाही का?" तिच्या डोळ्यांसमोर हायवेवरचा तो माणूस असणार: झाडाला टांगलेला टायर, पाण्याचं घमेलं, त्यात दाबलेली ट्यूब, बुडबुडा आला तिथे कॉपिंग पेन्सिलची खूण, कानशीने घासणं, सोल्यूशन, फुंकर. चहा होईस्तोवर गाडी तयार. इथे ट्रक ओढून नेणारा ट्रक यायला दोन तास लागले.

टायरच्या दुकानातल्या दाढीवाल्याने खिळा पाहिला. तो नेमका कुशीला. ती सतत वाकणारी बाजू, तिथे ठिगळ लावत नाहीत. टायर नवा. टायरवर लिहिलेलं असतं 285/65 आर 20, म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यांत आणि रिम इंचांत. एवढ्याशा जागेत इतकी मापं मी फक्त आमच्या सातबाऱ्यावर पाहिली आहेत. तसलेच उंचवटे असलेला टायर यायला चार दिवस लागले. त्याने तो बसवला, मी कव्हर लावलं, आणि गुण जुळेनात. कव्हराची टोकं एकीकडे, टायरचे उंचवटे दोन बोटं पलीकडे. त्या माणसाचा तरी काय दोष? गोल वस्तूवर गोल वस्तू बसवताना कुठून सुरुवात करायची, हा प्रश्न त्याला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. टायर पुन्हा उतरवला, पत्रिका जुळवली, पुन्हा हवा भरली. त्याचे पैसे वेगळे.

आई बाकावर बसून सगळं बघत होती. "आमच्या आजोबांच्या गाडीला लोहार लोखंडी धाव चढवायचा," ती म्हणाली. "लाल करून घालायची, वर पाणी ओतायचं, चर्रर्र. आवळून बसायची. कुठला आरा कुठे आलाय ते बैलसुद्धा विचारत नसे."

मग काही दिवस बरे गेले. सप्टेंबरात गाडी धुताना टायरच्या कुशीवर मला एक चंद्रकोर दिसली. नख अडकेल इतकी खोल. आधी वाटलं, पार्किंगमध्ये कुणीतरी जळून ओरखडा काढला. (मराठी माणसाला पहिला संशय हाच येतो.) मग दुसऱ्या चाकावर बघितलं, तिसऱ्या, चौथ्या. चारही ठिकाणी, बरोबर कव्हराच्या टोकाखाली.

कारण अगदी साधं निघालं. टायर उभा दिसतो तसा नसतो. जमिनीला टेकतो तिथे तो पाटावर बसलेल्या जेवणाऱ्याच्या पोटासारखा बाजूला फुगतो, वर गेला की पुन्हा आत जातो. माझ्या मापाच्या टायरचं हे मैलामागे जवळपास 580 वेळा होतं. फुगण्याच्या जागेवर कडक टोक टेकवून ठेवलं तर ते दर फेऱ्याला रबर घासणारच. आमच्या घरी नव्या चपलेचा पट्टा चावतो तेव्हा आई तिथे कापूस लावते. तीन टनांच्या गाडीला कुठे लावणार?

सर्व्हिसवाल्यांना फोटो पाठवले. दोन दिवसांनी उत्तर आलं: कव्हरं काढून ठेवा. बस्स, एवढंच. ज्या भाषेवर मी भाळलो होतो तिच्यातलं हे शेवटचं वाक्य. नंतर निघालेली कव्हरं निमूटपणे रिमच्या आतच थांबतात असं ऐकतो. मी घेतलेली नाहीत. टायरवरचे उंचवटे मात्र आहेत तिथेच आहेत, लग्न मोडल्यावर राहिलेल्या रुखवतासारखे.

काढलेली चार कव्हरं दिवाळीपर्यंत गॅरेजात भिंतीला टेकून होती. वसुबारसेला पहाटे ड्राइव्हवेवर खुडबुड ऐकून बाहेर आलो, तर आईने एक कव्हर जमिनीवर पालथं घातलं होतं आणि त्याच्या कडेकडेने चिमटीतून रांगोळी सोडत होती. कव्हर उचललं, खाली धारदार टोकांचं झकास फूल. पाडव्यापर्यंत चारही कव्हरं कामाला लागली, आणि मंडळातल्या दोन बायका "हे साचे कुठे मिळाले?" म्हणून विचारून गेल्या.

परवा आईचं परतीचं विमान. एका बॅगेला 23 किलो. बदाम आणि नातेवाइकांच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या काढून तिने त्या जागी एक कव्हर घातलंय, सुनेला गुडघ्यांनी बॅग दाबायला बसवलंय आणि आतल्या खोलीतून मला हाक मारतेय.

"अरे, बसतंय. फक्त कोपरे बाहेर येतायत."