घोडबंदरचे खड्डे आणि माझा नंबर

गेल्या आठवड्यात सोसायटीतल्या एक काकू जिन्यात भेटल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "काळजी करू नकोस गं. पावसाळा सुरू झालाय, घोडबंदरला रोज काही ना काही होतंय. यंदा तुझा नंबर लागेल बघ." बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. अगदी मनापासून म्हणत होत्या. मी "हो काकू" म्हटलं, वर आले, दार लावलं आणि बराच वेळ चपलांच्या स्टँडपाशीच उभी राहिले.

मला डायलिसिस सुरू होऊन चार वर्षं झाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी साडेसहाची शिफ्ट, चार तास. कॅडॅव्हर लिस्टवर, म्हणजे मृत दात्याच्या किडनीसाठीच्या प्रतीक्षायादीवर, नाव लागून पावणेतीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी कोपरी पुलावरून ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की माझ्या मनात काय यायचं, ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. काकूंनी ते सरळ बोलून दाखवलं. म्हणून आज लिहायला बसलेय.

आधी हे दुखणं काय आहे ते थोडं सांगते. लोकांना सुया दिसतात. सुयांची सवय होते. सवय होत नाही ती तहानेची. मला दिवसाला सगळं मिळून एक लिटर, त्यातच चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचं पाणी. सकाळी एक बाटली भरून ठेवते, तिच्यावर पेनाने रेघा मारल्यात. दुपारी दोनच्या रेघेच्या खाली पाणी गेलं, तर संध्याकाळी बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवून बसायचं. मे महिन्यात ठाण्याच्या उकाड्यात लेक फ्रीज उघडून घटाघट पाणी पिते, तेव्हा मी तिच्याकडे बघत नाही. तिला कळतं. हल्ली ती स्वयंपाकघराचं दार लोटून पाणी पिते. शहाळं नाही, केळं नाही, कारण पोटॅशियम वाढलं तर हृदयच थांबू शकतं. बटाटा आधी चिरून पाण्यात ठेवायचा, ते पाणी फेकायचं, मग शिजवायचा.

डाव्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे धमनी आणि शीर ऑपरेशन करून एकमेकींना जोडलेली. तिथे बोट ठेवलं की घुर्रर्र लागतं, मांजर मांडीवर झोपल्यासारखं. रोज झोपताना मी ते तपासते. लेक लहान होती तेव्हा कान लावून ऐकायची.

"घरातलं कुणी देत नाही का?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. घरातले सगळे तयार होते हो. आई पहिल्याच दिवशी तयार झाली, पण तिला पंधरा वर्षांचा मधुमेह. भावाला तपासणीत मुतखडे निघाले, आणि एका किडनीचं कामही कमी. नवऱ्याचा रक्तगट बी, माझा ओ. ओ गटाच्या माणसाला ओ गटाचीच किडनी सरळ चालते. स्वॅपचा रस्ता २०११ च्या कायदादुरुस्तीने मोकळा झालाय, म्हणजे दोन जोडप्यांनी आपापसांत दाते बदलायचे. पण आमच्यासाठी समोरचा दाता ओ आणि पेशंट बी किंवा एबी असा हवा. ओची किडनी त्यांनाही चालते, म्हणजे तशा घरात दाता थेट आपल्याच माणसाला देऊ शकतो, तो अदलाबदलीला येईल कशाला? एवढं सगळं झाल्यावर उरली ती लिस्ट. ठाणे, नवी मुंबईचे आम्ही सगळे मुंबईच्या झेडटीसीसीकडे, म्हणजे मृत दात्यांचे अवयव कुणाला द्यायचे ते ठरवणाऱ्या केंद्राकडे. नाव हॉस्पिटलमार्फत लागतं, आणि मग फोन जवळ घेऊन झोपायचं.

मागच्या वर्षी गौरी जेवल्या त्या रात्री फोन आला. अकरा वाजून चाळीस मिनिटं. मी ओटा पुसत होते. कोऑर्डिनेटर म्हणाल्या, "ओ पॉझिटिव्ह आहे. तुम्ही तिसऱ्या नंबरला, स्टँडबाय. काही खाऊ-पिऊ नका, लगेच निघा." बॅग भरलेलीच असते. आनंदनगर नाका ओलांडला तेव्हा मला रडू येत होतं, ते आनंदाचं की भीतीचं ते आजही सांगता येणार नाही. हॉस्पिटलात रक्त घेतलं. दात्याच्या पेशी आणि आपल्या रक्तातला द्रव एकत्र करून बघतात, त्याला क्रॉसमॅच म्हणतात. तो निगेटिव्ह आला तरच किडनी बसवता येते. बाकड्यावर शेजारी कल्याणचा एक तिशीतला मुलगा होता, पहिल्या नंबरचा, बायको सगळे रिपोर्ट पिशवीत छातीशी धरून बसलेली. पहाटे साडेपाचला त्याचं निगेटिव्ह आलं. ती उठून माझ्याकडे आली, पायाला हात लावायला लागली. मी तिला मिठीत घेतलं. "ताई, तुमचंपण होईल," म्हणाली.

दात्याचं नाव सांगत नाहीत. एवढंच कळलं की ५४ वर्षांचे गृहस्थ, बीपी वाढून मेंदूत रक्तस्राव. ज्या बीपीने माझ्या किडन्या खाल्ल्या, त्याच बीपीने त्यांना नेलं. अपघात नव्हता, खड्डा नव्हता.

घरी परतताना उजाडत होतं. मी त्या गृहस्थांच्या घराचा विचार करत होते. त्यांच्याकडेही गौरी आल्या असतील का? त्या रात्री त्या घरातल्या कुणीतरी एका फॉर्मवर सही केली. आणि तेव्हा पहिल्यांदा मला नीट उमगलं की मी लिस्टवर असले-नसले तरी ते गृहस्थ जाणारच होते. माझ्या आशेने त्यांचा एक श्वासही कमी केला नव्हता. त्या रात्री बदलू शकणारी एकच गोष्ट होती, ती सही. मी वाट बघते ती त्या सहीची. काकू, तुम्ही हे वाचत असाल तर माझ्यासाठी घोडबंदरवर कुणाचा अपघात व्हावा असं मनातसुद्धा आणू नका. एखाद्या घराचं आधी बोलणं झालेलं असावं, एवढं मागा.

कारण बोलणं झालेलं नसतं तेव्हा काय होतं, ते मी पाहिलंय. हे लिहायला मला जड जातंय. नऊ वर्षांपूर्वी माझे सासरे असेच आयसीयूत होते. डॉक्टरांनी ब्रेन डेड सांगितलं. छाती व्हेंटिलेटरवर वरखाली होत होती, हात गरम होता, मॉनिटरवर ठोके दिसत होते. आणि तासाभरात एक बाई येऊन अवयवदानाबद्दल विचारू लागल्या. आम्ही त्यांच्या अंगावर धावून गेलो. मी स्वतः ओरडले, "माणूस जिवंत आहे आणि तुम्ही वाटे घालताय?" तेव्हा माझ्या किडन्या ठणठणीत होत्या, निदान मला तसं वाटत होतं.

कोमातला माणूस परत येऊ शकतो, ब्रेन डेड झालेला, म्हणजे ज्याच्या मेंदूचं काम कायमचं थांबलंय तो, येत नाही, हा फरक आम्हाला कुणी समजावला नव्हता. आम्हीही कधी विचारला नव्हता. अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा आहे. चार डॉक्टरांचं पॅनल दोनदा तपासतं, मध्ये किमान सहा तास जावे लागतात, आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या पॅनलवर नसतात. व्हेंटिलेटर काढून श्वास घेण्याची धडपड तरी होते का, तेही बघतात. अवयव काढल्यावर शरीर नीट शिवून, सन्मानाने घरच्यांच्या ताब्यात देतात, आणि त्याचा खर्च घरच्यांवर पडत नाही. पण हे सगळं आयसीयूच्या दारात, डोळ्यांसमोर बापाची छाती हलत असताना, पहिल्यांदा ऐकून कुणाच्या डोक्यात शिरणार? म्हणून मी 'नाही' म्हणणाऱ्या एकाही घराला दोष देत नाही. २०२३ साली आपल्या अख्ख्या देशात मृत्यूनंतर अवयव देणारे दाते १,०९९ होते. हा आकडा वाचते तेव्हा मला आमचं त्या दिवशीचं ओरडणं आठवतं.

अवयवदानाचं कार्ड भरा, आधारवरून नोट्टोच्या, म्हणजे अवयवदानाचं काम बघणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, साइटवर नोंदणी होते, जरूर करा. पण शेवटी विचारतात घरच्यांनाच. ते तेव्हा एकच आठवायचा प्रयत्न करतात, हा माणूस याबद्दल काही बोलला होता का?

परवा रात्री जेवताना मी विषय काढला. नवरा हो म्हणाला. लेकीने विचारलं, "आई, तुझं काय देता येईल?" मी सांगितलं, डोळे. त्याचा फॉर्म भरलाय, सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून लगेच फोन करायचा, नंबर फ्रीजवर लावलाय. सासूबाई गप्प होत्या. भात कालवता कालवता थांबल्या आणि म्हणाल्या, "ह्यांना आपण कधी विचारलंच नाही गं. विचारलं असतं तर हो म्हणाले असते. सायकल अख्ख्या चाळीला द्यायचे." नऊ वर्षांत त्या दिवसाबद्दल त्या पहिल्यांदा बोलल्या. मग म्हणाल्या, "माझं जे चालेल ते द्या. पण मला धुऊन-पुसून, नऊवारी नेसवून न्या."

मी कबूल केलंय.

तुमच्या घरी आज विचारलंत तर काय उत्तर मिळालं ते खाली लिहा, 'नाही' आलं तरी लिहा. उद्या मंगळवार आहे, उजवा हात मोकळा असतो, चार तासांत मी सगळं वाचते.