"तिकडे क्राउड चांगला नाही"

गेल्या महिन्यात एक तरुण मराठी जोडपं आमच्याकडे जेवायला आलं होतं. दोघंही आयटीत, पहिलं बाळ होणार आहे, घर शोधतायत. इथे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लेव्हिटाउन गावातलं एक घर बजेटात बसतंय म्हणाले. टेबलावरचे तिघं-चौघं एकदमच बोलले, "नको रे, तिकडे क्राउड चांगला नाही." तो शब्द मला रात्रभर टोचत राहिला. त्या गावात कोणाला घर द्यायचं नाही, हे एकेकाळी खरोखरच ठरलेलं होतं, आणि त्या यादीत आपण भारतीयही होतो.

लेव्हिट अँड सन्स या बिल्डर कंपनीने आधी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत १९४७ पासून एक लेव्हिटाउन उभं केलं. कारखान्यात गाडी पट्ट्यावर सरकते आणि कामगार जागेवर असतो. इथे घर जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या घराघरातून पुढे सरकायच्या. एकेका टोळीकडे एकच काम. तळघर नाही, थेट काँक्रीटचा स्लॅब. ऐन भरात दिवसाला ३० घरं. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकाला सरकारी हमीच्या कर्जामुळे हाती फारसे पैसे नसतानाही स्वतःचं घर मिळू लागलं. या कामाबद्दल मला आजही मनापासून आदर आहे.

पण तिथली पहिली घरं भाड्याने दिली होती आणि त्या करारात एक कलम होतं: घर कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाबाहेरच्या कोणी वापरायचं नाही, घरकामाचे नोकर सोडून. सरकारच्या गृहकर्ज खात्याचं धोरणही तेच होतं. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने असल्या अटी कोर्टातून अमलात आणता येणार नाहीत असं ठरवलं, कलम गेलं, विक्री मात्र गोऱ्यांनाच होत राहिली. कंपनीचा प्रमुख विल्यम लेव्हिट याचं म्हणणं असं की, घरांचा प्रश्न सोडवू किंवा वंशाचा, दोन्ही एकदम जमणार नाहीत. हा स्वतः ज्यू माणूस. मला हे वाचून फार वाईट वाटलं.

पेनसिल्व्हेनियातलं लेव्हिटाउन १९५२ पासून बांधलं गेलं, १७,३११ घरं. ऑगस्ट १९५७ मध्ये बिल आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपं तीन मुलांना घेऊन तिथल्या डीपग्रीन लेनवर राहायला आलं. घर कंपनीकडून नव्हे, आधीच्या मालकाकडून घेतलेलं. बिल लष्करात नोकरी केलेला. पहिल्याच रात्री घरासमोर जमाव जमला, दगडांनी पुढची मोठी काच फुटली. पुढे एका पोलिसाला दगड लागून तो बेशुद्ध पडला, राज्याचे पोलीस बोलवावे लागले. मागच्या रिकाम्या घरात लोकांनी अड्डा केला, कॉन्फेडरेट झेंडा (यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचा) लावला, रात्री-अपरात्री मोठ्याने गाणी. मायर्सना साथ देणाऱ्या शेजारच्या वेक्सलर कुटुंबाच्या भिंतीवर "केकेके" रंगवलं, म्हणजे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेचं नाव. मायर्स तरीही हलले नाहीत, काही वर्षं तिथेच राहिले.

अमेरिकेत मध्यमवर्गाची बचत म्हणजे घर. ज्याला १९५० च्या आसपास ते स्वस्तात मिळालं, त्याच्या मुलांचं कॉलेज त्यातून झालं. ज्याला नाकारलं, त्याच्या नातवाकडे आजही डाउन पेमेंट नाही. आणि आपण? आपल्यासाठी दार उघडणारा १९६५ चा इमिग्रेशन कायदा आणि घर नाकारण्यावर बंदी घालणारा १९६८ चा फेअर हाउसिंग कायदा, दोन्ही त्याच नागरी हक्कांच्या लढ्याच्या काळातले. दगड त्यांनी खाल्ले, क्लोजिंगच्या, म्हणजे घरखरेदीच्या शेवटच्या सह्यांच्या, टेबलावर सही आपण केली. आता आपणच "स्कूल डिस्ट्रिक्ट" आणि "क्राउड" म्हणत तीच यादी पुन्हा करायची? मला हे अजिबात मान्य नाही. शाळा जरूर बघा, मीही बघितली होती. पण शाळेचं रेटिंग विचारताना मनात नेमकं काय मोजतोय, ते स्वतःला खरं सांगा.

शनिवारी त्या दोघांना गाडीत घालून लेव्हिटाउनला नेलं. तिथे एका वस्तीतल्या सगळ्या रस्त्यांची नावं एकाच अक्षरावरून. डॉगवूड हॉलोमध्ये सगळी "ड"ची. डीपग्रीन लेनवर गाडी लावली. कोणी खोली वाढवलेली, कोणी कारपोर्ट बंद करून गॅरेज केलेलं. एक आजोबा हिरवळ कापत होते, त्यांनी हात केला. तिने खाली उतरून विचारलं, "काका, इथे घरं कशी आहेत?" ते अर्धा तास बोलत होते.