मेलाटोनिन आहे, पण ते ओळखणाऱ्या पेशी?

नमस्कार. वय वाढलं की मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, घटतं हे मीच लिहिलं, मग गोळी देऊन ते भरून काढायला विरोध कशाला, आणि डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) पेशंटच्या घरच्यांना उगाच का घाबरवता, असं तुम्ही विचारलंय. रात्र-रात्र जागणाऱ्या वडिलांचं करताना तुम्ही हे लिहिलंत, म्हणून नीट उत्तर देते.

मेलाटोनिन रक्तात नुसतं असून भागत नाही, ते ओळखणाऱ्या पेशीही शाबूत लागतात. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या बरोबर वर सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस हा न्यूरॉन्सचा, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशींचा, इवलासा पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ तेच. तिथल्या न्यूरॉन्सवर मेलाटोनिनचे एमटी-१ आणि एमटी-२ हे रिसेप्टर, म्हणजे ते ओळखून पकडणारे रेणू, असतात. मेलाटोनिन एमटी-१ला येऊन बसलं की पेशीतलं सायक्लिक एएमपी हे निरोप पोचवणारं रसायन उतरतं, न्यूरॉनचं फायरिंग (विद्युत संदेश पाठवणं) मंदावतं. रात्र झाल्याची वर्दी पोचते ती अशी. अल्झायमर या डिमेन्शियाच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तेव्हा नेमक्या याच जागी एमटी-१ असलेले न्यूरॉन्स खूप कमी झालेले दिसले. वर्दी घेणारेच उरले नाहीत, तर डोस वाढवून काय साधणार? २००३ साली अल्झायमरच्या १५७ रुग्णांवरच्या चाचणीत २.५ आणि १० मिलिग्रॅम, दोन्ही डोस देऊन पाहिले. मोजलेल्या झोपेत ठोस फरक पडला नाही.

गोळीत दम नाही असं मात्र मी कुठेच म्हटलेलं नाही. २००० सालच्या एका अभ्यासात पूर्ण अंध असलेल्या सातपैकी सहा जणांचं भरकटलेलं घड्याळ मेलाटोनिनने २४ तासांवर आलं. त्यांच्या मेंदूतलं घड्याळ धड होतं, त्याला फक्त उजेड मिळत नव्हता.

तुमच्या वडिलांच्या दृष्टीने मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो २००८चा नेदरलँड्समधला अभ्यास. तिथल्या १२ वृद्धाश्रमांतल्या १८९ जणांपैकी काहींना दिवसभर सुमारे १००० लक्सचा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) लख्ख उजेड दिला, काहींना २.५ मिलिग्रॅम मेलाटोनिन, काहींना दोन्ही. उजेडाने बुद्धीची घसरण थोडी का होईना मंदावली. मेलाटोनिनने झोप सुमारे २७ मिनिटांनी वाढली, पण उजेडाशिवाय नुसतंच दिलं तेव्हा माणसं उदास, अबोल झाली. म्हणून संशोधकांनी ते उजेडाच्या जोडीनेच द्यायला सांगितलं.

चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ती रात्री किती वाजता देता आणि वडील दिवसा किती उजेडात बसतात, या दोन गोष्टी पुढच्या भेटीत डॉक्टरांना आवर्जून सांगा.