एकच खमका माणूस

बंड्या कट्ट्यावर येतो तोच तावातावाने. "बाकी सगळ्यांना घरी बसवा! एकच खमका माणूस पुरे. इटलीत मुसोलिनीच्या राज्यात गाड्या वेळेवर धावायच्या."

"धावायच्या म्हणून छापून यायचं," मास्तर म्हणाले. "उलट छापणारी वर्तमानपत्रं त्यानं बंद केली होती."

"पण रोम मनगटाच्या जोरावर घेतलंच ना?" बंड्यानं मांडी थोपटली.

"मनगट कसलं? मिलानहून रात्रीच्या गाडीनं आला तो! पंतप्रधान फाक्ता लष्करी कायदा लावायला निघाले होते, राजानं सही केली नाही. वर यालाच सरकार बनवायला बोलावलं. १९२२ साली."

अण्णा म्हणाले, "हिटलर तरी लोकांनीच निवडून दिला."

मास्तर उसळलेच. "बहुमत कधी होतं त्याला? १९३२ च्या जुलैत ३७ टक्के, नोव्हेंबरात ३३. उतरती कळा लागली होती! तेव्हा माजी चान्सलर, म्हणजे तिथला माजी पंतप्रधान, पापेन आणि मंडळींनी म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गला पटवलं. हिटलरला चान्सलर करू, मंत्रिमंडळात माणसं जास्त आपलीच, मुठीत राहील. नाझी होते तिघेच. दोन महिन्यांत मूठ कोणाची ते कळलं."

मास्तरांचं हे म्हणणं मला शंभर टक्के पटतं. हुकूमशहा दार फोडून येतो असं आपण समजतो. कडी काढून देणारे शहाणेसुरते लोक आपण विसरतो.

मग मार्च १९३३ च्या मतदानाचा विषय निघाला. हिटलर सरकारला संसदेशिवाय कायदे करू देणारा कायदा जर्मन संसदेत आला होता. कम्युनिस्ट खासदार तुरुंगात नाहीतर भूमिगत, सभागृहात गणवेशातले गुंड उभे. ४४४ विरुद्ध ९४. विरोधातली सगळी मतं सोशल डेमोक्रॅट पक्षाची. त्या ९४ जणांचं नाव निघालं की माझ्या अंगावर आजही काटा येतो. घरी परत जाऊ की नाही हे माहीत नसताना त्यांनी 'नाही' म्हटलं.

कट्टा गप्प झाला. बंड्या सोडून.

"पण तो कायदा चारच वर्षांसाठी होता ना?"

"होता की. मग मुदतवाढ, मग पुन्हा मुदतवाढ."

"बंड्याच्या खजिनदारकीसारखी!" अण्णा ओरडले. "एका सहलीपुरता केला होता तुला. सहा वर्षं झाली!"

"हिशोब पै न् पैचा लिहिलाय मी!"

"मग दाखव."

"वही घरी आहे."

मास्तरसुद्धा पोट धरून हसत होते. वर्गणीचा विषय निघाल्यावर मुसोलिनीकडे कोण वळतंय!