ॲनिमोनमध्ये मासा ढकलणाऱ्यांसाठी

आज सकाळी एका परिचिताने मोठ्या कौतुकाने पाठवलेला व्हिडिओ पाहिला आणि तेव्हापासून डोके ठिकाणावर नाही. टँकमधल्या क्लाउनफिशला जाळीने कोपऱ्यात कोंडून तो ॲनिमोनच्या, म्हणजे ज्याच्या डंखधारी बोटांत हा मासा समुद्रात आसरा घेतो त्या फुलासारख्या प्राण्याच्या, अंगावर ढकलत होता, माशाचे कल्ले भात्यासारखे चालले होते, आणि मागून कोणीतरी "जा की रे आत!" म्हणत हसत होते.

आमच्या ऑसेलारिस (क्लाउनफिशचीच एक जात) जोडीने आठ महिने ॲनिमोनकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. दिवे मालवले की दोघे पंपामागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या झोतावर हेलकावत, निवांत झोपत. टँकमध्येच जन्मलेल्या माशांनी ॲनिमोन कधी पाहिलेलाच नसतो. शिवाय समुद्रात ही जात ज्या तीन प्रकारच्या ॲनिमोनमध्ये राहते, त्यांत आपण हौसेने आणतो तो बबल-टिप, म्हणजे फुगीर बोटांचा ॲनिमोन, नाहीच. अनोळखी घरात मासा पहिल्याच दिवशी का शिरेल?

मीही शहाणपणा कमी केला नाही, हे कबूल करतो. आधी काचेवर बाहेरून ॲनिमोनचे चित्र चिकटवले. मासे त्याच्यापुढून रोज अगदी अलिप्तपणे जात. मग अधीर होऊन ॲनिमोनचा दगडच पंपाजवळ सरकवला. प्रकाश आणि प्रवाह बदलल्यामुळे बिथरलेल्या ॲनिमोनने रात्रीतून दगड सोडला, आणि सकाळी पंपाच्या तोंडाशी त्याच्या चिंध्या आणि टँकभर दुधाळ पाणी होते. त्या दिवशी बादल्या भरभरून पाणी बदलताना वाटलेली लाज अजून गेलेली नाही.

समुद्रात ॲनिमोनवाचून क्लाउनफिश फार दिवस वाचणार नाही, हे मान्य. मासा आणि ॲनिमोन दोघांना एकाच सच्छिद्र डब्यात काही दिवस ठेवून काहींना यश येते, हेही मान्य. पण टँकमध्ये माशावर कोणी टपलेले नाही. ॲनिमोन नसला तरी तो खातो, वाढतो, अंडीही घालतो. घाई त्याची नसते, आपल्या कॅमेऱ्याची असते.

सकाळी त्या परिचिताला रागाच्या भरात जे लिहिले ते जरा जास्तच झाले. दगड सरकवणारा हातही माझाच होता.

पंपाला स्पंज बसवून, टँक पुरता स्थिरावू देऊन, वर्षभराने दुसरा बबल-टिप आणला आणि या वेळी काहीच केले नाही. पाचव्या आठवड्यात मादीने, म्हणजे दोघांतल्या मोठीने, आधी शेपटीचे टोक त्या फुगीर बोटांना लावले, दचकून मागे आली, पुन्हा गेली, मग पोट घासले. तास-दीड तास हेच चालले होते. संध्याकाळी ती आत होती. नर तीन दिवसांनी गेला, आणि अजूनही एखाद्या रात्री तो जुन्या सवयीने पंपामागे जाऊन झोपतो.