मेमोरियल डे पुन्हा ३० मेलाच हवा

मे महिन्याचा शेवटचा सोमवार जवळ आला की अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुपांवर ‘हॅपी मेमोरियल डे’चे मेसेज सुरू होतात. मंडळी, कृपा करून ते पाठवू नका. ज्यांच्या घरातलं माणूस लढाईत गेलं त्यांच्यासाठी हा दिवस वर्षश्राद्धासारखा असतो, आणि श्राद्धाच्या शुभेच्छा कुणी देत नाही. हयात माजी सैनिकांचे आभार मानायला ११ नोव्हेंबरचा व्हेटरन्स डे आहे. हा दिवस फक्त परत न आलेल्यांचा.

अमेरिकेतल्या उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या राज्यांमधल्या यादवी युद्धात सहा लाखांहून जास्त सैनिक गेले. १८६८ साली जनरल जॉन लोगन यांनी त्यांच्या कबरींवर फुलं वाहण्यासाठी ३० मे ही तारीख ठरवली. पण त्याच्याही आधीची एक हकिगत आहे, ती वाचली की मला गलबलून येतं. दक्षिणेतल्या चार्ल्सटन शहराच्या घोडशर्यतीच्या मैदानात उत्तरेच्या सैनिकांना कैदेत ठेवलं होतं. तिथे मेलेल्यांना घाईघाईने एकत्रच पुरलं गेलं. नुकतेच गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय लोक पुढे आले, त्यांनी एकेकाला स्वतंत्र कबर दिली, भोवती कुंपण घातलं आणि १ मे १८६५ रोजी हजारोंच्या संख्येने फुलं घेऊन तिथे गेले. सरकारने सांगितलं म्हणून नाही, आपल्यासाठी कोण मेलं हे त्यांना ठाऊक होतं म्हणून.

मग १९६८ चा कायदा आला. तीन दिवसांची जोडून सुट्टी मिळावी म्हणून १९७१ पासून हा दिवस सोमवारी सरकला आणि हळूहळू गाद्यांच्या सेलचा, ग्रिल पेटवायचा, उन्हाळा सुरू झाल्याचा दिवस होऊन बसला. व्हेटरन्स डेसुद्धा तेव्हा ऑक्टोबरातल्या सोमवारी नेला होता. लोकांना ते रुचलं नाही, अनेक राज्यांनी जुनीच तारीख पाळली आणि १९७८ पासून तो ११ नोव्हेंबरला परत आला. म्हणजे हे होऊ शकतं! हवाईचे सिनेटर डॅनियल इनोये यांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीत उजवा हात गमावला होता. ३० मे परत मिळावा म्हणून ते २०१२ मध्ये जाईपर्यंत पुन्हा पुन्हा विधेयक मांडत राहिले. ते मंजूर झालं नाही. माझ्या मते त्यांचंच बरोबर होतं.

इथे रजा कमी मिळते, जोडून सुट्टी आली तरच नातेवाईक भेटतात, हे मलाही कळतं. ती सुट्टी दुसऱ्या एखाद्या सोमवारी द्या की. आणि ‘ही युद्धंच आम्हाला मान्य नाहीत’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की युद्ध पुकारायचा निर्णय त्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांनी घेतलेला नसतो. आज आपल्या देशी घरांतली मुलंही त्या गणवेशात आहेत.

तारीख बदलेल तेव्हा बदलेल. दुपारी तीन वाजता एक मिनिट थांबावं, असं २००० सालच्या कायद्यातच आहे, पण ते फार थोड्यांना माहीत असतं. झेंडा दुपारी बारापर्यंत अर्ध्यावर असतो, मग पूर्ण वर चढवतात. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय सैनिकी दफनभूमीत त्या शनिवार-रविवारच्या आधी सैनिक अडीच लाखांहून जास्त कबरींपुढे छोटे झेंडे रोवतात, प्रत्येक झेंडा दगडापासून एका बुटाच्या अंतरावर. मुलांना हे दाखवा.

महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे. त्या सोमवारी पिकनिक जरूर ठेवा, पण कार्यक्रमपत्रिकेत ‘दुपारी ३ : एक मिनिट स्तब्धता’ असं छापा. त्या वेळी गाणी बंद, खेळ बंद, आणि आपण का थांबलोय हे लहान मुलांना मराठीत सांगा.